सवडीचा दुभाषी

व्यंकटराव गुंडावार मला कधी आवडले नाहीत. कचेरीत ते कोणालाच आवडत नसत, तेव्हा माझं त्यात काही विशेष नव्हतं. माणूस गेला की त्याच्याबद्दल चार शब्द बरे बोलावेत अशी आपल्याकडे रीत आहे. व्यंकटरावांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी ही रीत मला पाळता येत नाही. पाळलेली त्यांनाही खपली नसती.

चांद्याच्या कोर्टात ते दुभाषी होते. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, आणि गडचिरोली, अहेरी, सिरोंचा हा सारा मुलूख चांद्याच्याच पोटात होता. जंगलातून आणलेला माडिया आदिवासी, मग तो आरोपी असो की साक्षीदार, त्याला मराठी येत नसे आणि साहेबाला त्याची माडिया बोली येत नसे. दोघांच्या मध्ये व्यंकटराव उभे राहत. ते मूळचे सिरोंच्याकडचे. घरात तेलुगू, बापाचं मिठाचं दुकान जंगलातल्या बाजारांतून फिरायचं म्हणून कानावर माडिया, शाळेत मराठी आणि कचेरीत हिंदी. चारही भाषांत ते सारखेच तुसडे बोलत.

उंच, हाडकुळा देह. भर उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बंद कोट. समोरचा बोलत असताना ते त्याच्या डोळ्यांकडे कधी पाहत नसत, तोंडाकडे पाहत. आपण बोलतोय ते चूक आहे की काय असं त्यामुळे समोरच्याला उगीच वाटू लागे.

मी कारकून म्हणून रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"कोन्त्या गावचा?"

"सिंदेवाहीचा."

"भाषा किती येतेत?"

"मराठी, हिंदी. थोडी इंग्रजी."

"मराठी कोन्ती? हे आता बोलून राह्यला तेच काय?" असं म्हणून ते उत्तराची वाट न पाहता निघून गेले. दौलत म्हणून आमचा जुना पट्टेवाला होता, तो भिंतीला टेकून हसत होता. म्हणाला, "मनावर घेऊ नका बाबू. मले त ते मुकाच समजते."

'मी सांगतो, बोलत नाई,' हे व्यंकटरावांचं ठरलेलं वाक्य. म्हणजे एकाचं म्हणणं दुसऱ्याला पोचवायचं, त्यात आपलं काही घालायचं नाही आणि त्याचं पाप-पुण्यही आपल्याकडे घ्यायचं नाही. एकदा एक म्हातारा साक्षीदार बोलता बोलता रडायला लागला. व्यंकटराव ताठ मानेनं म्हणाले, "साक्षीदार रडून राह्यला." साहेब म्हणाले, ते मला दिसतंय. व्यंकटराव म्हणाले, "तुमाले दिसलं. कागदाले कसं दिसंल?"

दुसऱ्या एका खटल्यात एक वकील साक्षीदारावर वैतागून स्वतःशीच पुटपुटले, "जनावर आहे नुसतं." व्यंकटरावांनी तेही जसंच्या तसं माडियात सांगून टाकलं. साक्षीदाराचा चेहरा उतरला आणि त्यानंतर त्यानं तोंड उघडलं नाही. वकील खवळून अंगावर आले, तर हे शांत. "तुमी म्हनलं, मी सांगतलं." वकिलाची खोड मोडली म्हणून आम्ही खूश झालो. पण तो जंगलातला माणूस दिवसभर खाली मान घालून बसला होता. त्याला ती शिवी कळायला हवीच होती का, असं मी दौलतला विचारलं. दौलत म्हणाला, "त्यायले नका इचारू. ते म्हनतीन, मले काय मालूम."

पेन्शनला थोडाच अवकाश राहिला असताना त्यांची नोकरी सुटली. सुटली कसली, त्यांनीच सोडली. जबलपूरकडचे एक नवे साहेब आले होते. माडियाचं काम महिन्यातून मोजके दिवस, एरवी व्यंकटराव व्हरांड्यातल्या बाकावर डोळे मिटून बसलेले. साहेबांनी त्यांना बोलावलं आणि सांगितलं, काम नसेल त्या दिवशी कागदांच्या नकला करत जा. "खाली बैठने की तनखा नहीं मिलती." व्यंकटरावांनी काही दिवस नकला केल्या आणि एका सोमवारी राजीनामा साहेबांच्या टेबलावर ठेवला.

आमचे नाझर, म्हणजे कचेरीचे मुख्य, वयानं त्यांच्याच बरोबरीचे. त्यांच्या घरी व्यंकटरावांची बायको जाऊन आली. नाझरांनी तरी समजवावं, म्हणून. नाझरांनी आम्हा सर्वांच्या देखत त्यांना म्हटलं, "व्यंकटराव, थोडे दिवस उरलेत. कळ काढा. पेन्शन पुरी पदरात पडू द्या."

"कळ काढाले काई हरकत नाई," व्यंकटराव म्हणाले. "पन माह्याजवळची सरली."

निरोपाचा हार त्यांनी घेतला नाही. दौलतनं आणलेला हार दिवसभर खुंटीला लटकत होता.

आणि मग खरी गंमत सुरू झाली. पुढच्याच महिन्यात माडिया साक्षीदारांचा एक खटला उभा राहिला. जिल्ह्यात कोर्टाच्या उपयोगी पडेल असा दुसरा दुभाषी नव्हता. साहेबांना माणूस पाठवून व्यंकटरावांना बोलवावं लागलं. ते आले, पण अटी घेऊन. खटल्यापुरतं येणार. दुपारच्या आधी जेवढं होईल तेवढं करणार. बाजाराच्या दिवशी येणार नाहीत. आणि तारीख आपल्याला विचारून लावायची. विचारली नाही तर 'सवडीनं' येतील. साहेबांचा चेहरा लाल झाला, पण त्यांनी मान डोलावली. सवड हा साधा शब्द आमच्या कचेरीत त्या दिवसापासून शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

नाझरांना आधी त्याचं कौतुक वाटलं. ते स्वतः पेन्शनीला टेकलेले, आयुष्यभर कुणाच्या तरी घंटेवर उठलेले-बसलेले. संध्याकाळी कुलूप लावताना ते म्हणत, "मर्द आहे. आपणही असं काही करायला पाहिजे." कुणीतरी विचारलं, मग करत का नाही? तेव्हा नाझरांनी लावलेलं कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहिलं. "त्याच्याजवळ चार भाषा आहेत," ते म्हणाले. "माझ्याजवळ फक्त सही आहे. ती या इमारतीबाहेर कोण घेणार?" त्यानंतर व्यंकटरावांचं नाव निघालं की सर्वांत आधी नाझरच दातओठ खात.

व्यंकटरावांना बाहेर मागणी खूप होती. आलापल्लीच्या बाजूला सागाचे आणि बांबूचे ठेकेदार होते. जंगलात मजूर माडिया आणि ठेकेदार बाहेरचे. त्यांचे ट्रक व्यंकटरावांच्या दारात येऊन उभे राहू लागले. ठेकेदार मजुरांना जे सांगायचे ते हे माडियात सांगत. त्यातलं किती खरं आणि किती थाप, हे त्यांना कळत नसेल असं नाही. पण ते सांगत होते, बोलत नव्हते.

लालसूचा खटला त्यानंतरचा. लालसू भामरागडच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा माडिया, तरुण. जंगलखात्याच्या एका नाकेदाराचा हात त्यानं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे दांड्यानं, मोडला असा आरोप होता. त्याला चांद्याच्या तुरुंगात आणून ठेवलं. पहिल्या तारखेला त्याची बायको रुपी आली. कुठून कशी चालत, कोणाच्या ट्रकमधून आली, कोण जाणे. कोर्टाच्या आवारातल्या चिंचेखाली एका वाळवून पोखरलेल्या भोपळ्यात पाणी घेऊन ती बसून होती. व्यंकटराव आले नाहीत. एका ठेकेदाराबरोबर आलापल्लीच्या जंगलात गेले होते. तारीख पुढे गेली.

दुसऱ्या तारखेला रुपी पुन्हा आली. व्यंकटराव त्या दिवशी गावातच होते, पण निरोप आला, सवड नाही. साहेबांनी मला आणि दौलतला त्यांना आणायला पाठवलं. घरी बायको म्हणाली, तलावावर गेलेत. रामाळा तलावाच्या काठावर, कोट घालूनच, व्यंकटराव गळ टाकून बसले होते.

"भाऊ, साहेबांनी बोलावलंय," मी म्हणालो.

"आज सवड नाई. सांगतलं ना."

"तुम्ही तर मासे धरत बसलात."

"मंग? तुले मी रिकामा दिसून राह्यलो काय?"

माझं डोकं तापलं. मी म्हणालो, "तो माणूस आत खितपत पडलाय. त्याची बायको गेल्या तारखेलाही येऊन गेली. आज पुन्हा येऊन बसली आहे."

त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही. "माही जागा भरली काय?"

"नाही."

"काऊन नाई भरली?"

"माणूस मिळत नाही."

"शोधला काय कोनी? मी व्हरांड्यात बसून म्हातारा झालो, तवा एकाबी साहेबानं एक पोरगा शिकाले धाडला नाई माह्याकडं. मी असलो का झालं. आता मी उठून गेलो, त तुमाले माडिया मानूस आठवला."

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच जास्त राग आला. दौलत माझ्यामागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "पन भाऊ, त्या बाईनं काय केलं तुमचं?"

व्यंकटराव म्हणाले, "तिनं काई नाई केलं. मीबी काई नाई केलं. जा आता, मासे पळतेत."

परतताना मी वाटभर व्यंकटरावांना मनात येतील त्या शिव्या घालत होतो. कचेरीत आलो तर पुढचं संकट उभं. तारीख पुढे गेली, घरी जा, एवढं त्या बाईला सांगायचं होतं, आणि ते सांगायलाही व्यंकटरावच हवे होते. दौलत तिच्यासमोर उकिडवा बसला. त्यानं कोर्टाच्या दाराकडे बोट केलं, हात हलवले, आकाशातला चंद्र दाखवावा तसं काहीतरी केलं. रुपी त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग तिनं भोपळा जवळ ओढून घेतला आणि तिथंच बसली. कचेरी बंद झाली तेव्हाही ती बसलेलीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचेखाली कुणी नव्हतं.

तिसऱ्या तारखेला व्यंकटराव आले. वेळेवर आले, कोटाची बटणं लावत पिंजऱ्याशेजारी उभे राहिले. नाकेदाराची साक्ष झाली. ती ऐकताना साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नाकेदार लालसूच्या पाड्यावर कुणाच्या झोपडीत कशासाठी शिरला होता, याची त्यानं दोन वेळा दोन वेगळी कारणं सांगितली. मग लालसूला विचारलं, तुला काही सांगायचंय का?

लालसू तुरुंगात वाळून गेला होता. त्याचं लक्ष साहेबांकडे नव्हतं, उघड्या दाराकडे होतं. त्यानं काहीतरी विचारलं.

व्यंकटराव म्हणाले, "आरोपी इचारून राह्यला, माही बायको बाहीर बसली हाय काय."

साहेबांनी दौलतकडे पाहिलं. दौलत बाहेर जाऊन आला आणि त्यानं मान हलवली.

"कह दो, नहीं है," साहेब म्हणाले.

व्यंकटरावांनी सांगितलं. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढेही बोलत राहिले, चार-सहा वाक्यं तरी असतील. माडिया कळत नसणाऱ्यांनाही ते जाणवलं. साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

"इतना क्या कहा?"

"'नाई' म्हनलं, ते तुमचं, हुजूर. बाकीचं माहं."

"तुम्हारा क्या?"

"म्हनलं, ते दोनदा येऊन गेली. मी आलो नाई म्हनून तारीख पुढं गेली. म्हनून ते वापस गेली." मग म्हणाले, "हे कागदावर घेऊ नका. हे मी सांगतलं नाई, मी बोललो."

लालसू व्यंकटरावांकडे पाहत होता. त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग होता की काय होतं, मला आजही सांगता येणार नाही. मग तो हळू आवाजात काहीतरी बोलला. दोन-तीनच शब्द असतील. व्यंकटरावांनी पहिल्यांदाच समोरच्याच्या तोंडावरची नजर काढली आणि जमिनीकडे पाहिलं.

"अब क्या कहा उसने?" साहेबांनी विचारलं.

"ते मले म्हनलं. कोर्टाले नाई."

साहेब त्यांना बोलायला लावू शकले असते. त्यांनी लावलं नाही. ते शब्द त्या भरल्या खोलीत फक्त दोघांना कळले आणि दोघांबरोबरच गेले.

लालसूनं भोगलेला तुरुंगवास पुरे, असा निकाल झाला आणि त्याला त्याच दिवशी सोडून दिलं. व्यंकटराव निकालाला थांबले नव्हते. दुपार झाली होती, ते घरी जेवायला गेले. दौलत लालसूला मोटार स्टँडवर पोचवून आला. त्याला रुपी कुठे भेटली, भेटली की नाही, आम्हाला कधी कळलं नाही.

पुढे दौलतनं एकदा धीर करून व्यंकटरावांना विचारलंच, "भाऊ, तो तुमाले काय म्हनला?"

"तुले माडिया शिकाची हाय काय?" व्यंकटराव म्हणाले, आणि विषय संपला.

कचेरीतले काही लोक त्यानंतर त्यांच्याबद्दल जरा नरमाईनं बोलू लागले. भरकोर्टात स्वतःवर घेतलं, म्हणाले. मला ते पटलं नाही. स्वतःवर घेतलं म्हणजे काय केलं? रुपीची पायपीट परत फिरली का? आणि व्यंकटराव बदलले म्हणावं, तर तसंही नाही. पुढच्याच एका तारखेला ते ठेकेदाराच्या ट्रकमधून निघून गेले आणि दोन साक्षीदार दिवसभर चिंचेखाली बसून राहिले.

सरकारी नोकरीत एक बरं असतं. वय झालं की सरकारच तुम्हाला घरी बसवतं. तुम्ही थकलात की नाही हे तुम्हाला ठरवावं लागत नाही. व्यंकटरावांनी ती सोय स्वतःच्या हातानं मोडली होती. आम्ही समजत होतो की नोकरी सोडून हा माणूस मोकळा झाला. पण जो सवडीनं काम करतो, त्याला 'आता पुरे' म्हणणारंही कुणी नसतं. नाझर पेन्शनीत गेले, नातवंडांना घेऊन बाजारात दिसू लागले. नवे साहेब आले. व्यंकटराव आपले ट्रकमध्ये ठेकेदाराशेजारी बसून धुळीत जातच होते. कोर्टातलं त्यांचं काम हळूहळू कमी झालं. ते आता प्रश्न दोनदोनदा विचारायला लावतात, अशी कुरकुर वकील करत. आम्हाला वाटलं, हीसुद्धा मुजोरीच असेल.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आलापल्लीला. मॅजिस्ट्रेट साहेबांच्या दौऱ्याबरोबर मी अहेरीला गेलो होतो. काम आटोपल्यावर साहेब पुढे गेले आणि मी चांद्याची मोटार धरायला आलापल्लीत थांबलो. स्टँडच्या बाजूलाच लाकडांचा डेपो. सागाचे ओंडके रचून ठेवलेले, आणि पलीकडच्या मोकळ्या जागेत बांबू तोडणाऱ्या माडिया मजुरांचा घोळका. त्यांच्यासमोर ठेकेदार, आणि ठेकेदाराशेजारी व्यंकटराव. कोट आता अंगावर लोंबत होता.

मजुरांना परत जायचं होतं असं दिसत होतं. त्यांची गाठोडी बांधलेली होती. पुढे एक म्हातारी होती, तीच बोलत होती. व्यंकटराव नेहमीसारखं तिच्या तोंडाकडे पाहत होते, पण फार वाकून. तिचं झाल्यावर ते ठेकेदाराला म्हणाले, "म्हनते, आनखी आठ दिवस राहून काम संपवतो."

ठेकेदार खूश झाला आणि त्यानं मजुरांकडे पाहून हात जोडले. तेवढ्यात मजुरांतला एक तरुण, ज्याला थोडी हिंदी येत होती, ओरडला, "नहीं, नहीं. बच्चा लोग बीमार. आज जायेंगे." घोळक्यात हशा पिकला. म्हातारी हसली नाही. ती व्यंकटरावांच्या अगदी जवळ आली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, बहिऱ्याशी बोलावं तसं, तेच सगळं पुन्हा मोठ्यानं बोलली.

व्यंकटराव सरळ झाले. इतके दिवस ती मुजोरी नव्हती, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी ठेकेदाराला सांगितलं, "पोरं बिमार हायेत, आज जातेत. मघाशी मले ऐकू आलं नाई. दुसरा दुभाषी पाहा तुमी." मग मजुरांकडे वळून तेच माडियातही सांगितलं. तेच सांगितलं असावं. कारण हसणारे गप्प झाले.

ठेकेदार काहीतरी समजावत मागे आला, पण ते थांबले नाहीत. छत्री घेऊन तडक चांद्याच्या मोटारीत जाऊन बसले. मीही चढलो, आणि जागा मिळाली ती त्यांच्या मागच्याच बाकावर. त्यांनी मला पाहिलं नाही आणि मीही ओळख दिली नाही. मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं.

मोटार भरली. कंडक्टर तिकिटं फाडत आला. "कुठी जाता, बाबाजी?"

व्यंकटराव समोरच्या काचेकडे पाहत होते.

"बाबाजी, कुठी जाता?" कंडक्टरनं आवाज चढवला. काही उतारू मागे वळून पाहू लागले. "कुठी उतराचं हाय? सांगान काय?"

तरी ते ढिम्म. मग मीच मागून म्हणालो, "चांदा."

कंडक्टरनं तिकीट फाडून त्यांच्या हातात दिलं, तेव्हा ते दचकले. तिकिटाकडे पाहिलं, मग मागे वळले. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. ओळखल्यावर त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली.

"तुले कोनी इचारलं होतं?" ते म्हणाले.

माझं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलंच नसतं. मोटार सुरू झाली होती, आणि त्यांनी तोंड फिरवून खिडकीकडे केलं होतं.